ग्रीन रेटिंगवाल्या साईटवर पहिल्यांदाच कोऑर्डिनेटर म्हणून जाताय? मग आधी हे वाचा

माझं पहिलं ग्रीन प्रोजेक्ट चाकण एमआयडीसीत होतं, ऑटो पार्ट्सची एक शेड आणि तिच्या पुढ्यात दोन मजली ऑफिस. साईटवर पाठवताना मला एवढंच सांगितलं की बिल्डिंगला ग्रीन सर्टिफिकेट (इमारत पाणी, वीज, माल जपून वापरते याचा दाखला) घ्यायचंय, कन्सल्टंट नेमलेला आहे, तुम्ही फक्त कोऑर्डिनेट करा. मला वाटलं ग्रीनचं सगळं कन्सल्टंट बघेल, आपण शेड्यूल सांभाळायचं. बिल्डिंग उभी राहिली, चांगली राहिली, आणि फाईल जमवायला बसलो तेव्हा कळलं की राडारोडा नेमका कुठे गेला त्याची एक पावती नाही, वरची माती साठवल्याचा एक फोटो नाही, आणि ऑफिसमध्ये जो सीलंट वापरला तो स्पेसिफिकेशनमधला नव्हताच. माती खरंच साठवली होती, मी स्वतः उभी राहून साठवून घेतली होती, पण दाखवायला काही नव्हतं. पॉइंट गेले.

दुसऱ्या साईटवर हे सगळं पहिल्या आठवड्यापासून लावून घेतलं आणि शेवटच्या महिन्यात कुणाला रात्री जागायची वेळ आली नाही. दोन्ही साईटवरून माझ्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसलीये, ग्रीनचं काम बीओक्यू (कामांची, मापांची आणि रेटची यादी), बार चार्ट (कुठलं काम कधी, याचा तक्ता) आणि रोजच्या डीपीआरमध्ये (दिवसाच्या कामाच्या अहवालात) मिसळलेलं असलं तरच होतं, वेगळी फाईल करून कोपऱ्यात ठेवलं की होत नाही. डिप्लोमा किंवा बीई करून नुकतेच लागलेले आणि अचानक अशा साईटवर टाकलेले जे कोणी असाल त्यांच्यासाठी पायऱ्या लावून लिहितेय. माझा अनुभव पुणे भागातल्या औद्योगिक शेडचा आहे, कोकणात किंवा नागपूरला हवामान वेगळं म्हणून काही गोष्टी बदलतील, क्रम तोच राहील.

१. रेटिंग कुठलं आणि कशासाठी, हे मालकाकडून लेखी घ्या

आपल्याकडे मुख्यतः तीन नावं कानावर पडतात. आयजीबीसी, म्हणजे सीआयआय या उद्योगांच्या संघटनेने २००१ मध्ये सुरू केलेली ग्रीन इमारतींची कौन्सिल, ऑफिस हैदराबादला, त्यांच्यात सर्टिफाइड, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम असे टप्पे आहेत आणि कारखान्यांच्या इमारतींसाठी वेगळं रेटिंग आहे. दुसरं गृहा, टेरी ही संशोधन संस्था आणि केंद्राच्या अक्षय ऊर्जा मंत्रालयाने मिळून आणलेलं, त्यात एक ते पाच स्टार. तिसरं लीड, मूळ अमेरिकेचं, परदेशी कस्टमर असलेल्या कंपन्या ते मागतात. हैदराबादची सीआयआय-सोहराबजी गोदरेज सेंटरची बिल्डिंग २००३ मध्ये लीड प्लॅटिनम झाली, अमेरिकेबाहेरची तशी पहिली, आणि आपल्याकडे हा विषय खऱ्या अर्थाने तिथून चालू झाला.

तुमच्यासाठी महत्त्वाचा प्रश्न हा की मालकाला हे कशाला हवंय. कस्टमरच्या ऑडिटला दाखवायचंय, वीजबिल कमी करायचंय, की शेडमध्ये एप्रिल-मेमध्ये कामगार भाजून निघतात ते थांबवायचंय? तिन्ही ठिकाणी पैसा वेगळ्या जागी जातो. पहिल्या साईटला हे कुणी विचारलंच नाही, मग मधेच छपराखालचं इन्सुलेशन कमी करून लॉबीत महागडी काच आली. म्हणून पहिल्याच मीटिंगचे मिनिट्स काढा, त्यात टार्गेट रेटिंग, कारण आणि बजेट लिहा आणि सगळ्यांना मेल करा. पुढे कोणी काही कापायला आलं की तो मेल उघडायचा.

आणि रेटिंगचं मॅन्युअल स्वतः वाचा, कन्सल्टंटने दिलेली एक्सेलची समरी पुरत नाही. त्यात काही गोष्टी सक्तीच्या असतात, त्यातली एक जरी राहिली तर बाकीचे कितीही पॉइंट असले तरी रेटिंग मिळत नाही. त्यांना लाल रंग मारून ठेवा.

२. प्लॅन सँक्शनला जायच्या आधी सगळ्यांना एका टेबलावर बसवा

आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल, एमईपी (एसी, वीज, प्लंबिंगवाले), पीईबीचा (कारखान्यात तयार होऊन येणाऱ्या स्टील शेडचा) वेंडर, ग्रीन कन्सल्टंट, सगळे एकत्र, एकदाच पण पूर्ण दिवस. प्लॅन पास झाल्यावर कन्सल्टंट आला तर त्याच्या हातात फक्त नळ, दिवे आणि रंग उरतात. शेडची दिशा, छपराचा उतार, खिडक्या कुठल्या भिंतीला, हे फुकटात मिळणारे फायदे आहेत आणि ते कागदावरच मिळतात.

शेडची लांब बाजू पूर्व-पश्चिम धावली तर लांब भिंती उत्तर आणि दक्षिणेला येतात आणि पश्चिमेची तापणारी भिंत छोटी होते. गिरणगावातल्या जुन्या गिरण्यांची करवतीच्या दात्यांसारखी छपरं आठवा, ती काच उत्तरेकडे असायची, दिवसभर सपाट उजेड, डोळ्यावर ऊन नाही. तेच तत्त्व आजच्या शेडलाही चालतं. फक्त एक लक्षात ठेवा, उत्तरेकडून ऊन येतच नाही असं आपण ऐकत आलोय ते आपल्याकडे पूर्ण खरं नाहीये. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे, मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, शून्य सावलीचे दोन दिवस त्याच्या दोन्ही टोकांना येतात. म्हणून उत्तरेच्या खिडकीलाही लहानसा छज्जा मागा.

या दिवशी अजून एक गोष्ट पीईबीवाल्याच्या कानावर घालाच, छपरावर सोलर येणार आहे. आज बजेट नसलं तरी सांगा. पॅनल आणि त्याचं स्ट्रक्चर मिळून चौरस मीटरला साधारण १५ ते २० किलो वजन येतं, ते डिझाइनमध्येच धरलं तर स्टील थोडंसं वाढतं, नंतर ठरवलं तर पर्लिन (पत्र्याखालच्या आडव्या स्टीलच्या पट्ट्या) मजबूत करायला जो खर्च आणि जी डोकेदुखी होते ती मी बघितलीये. पॅनलच्या जागेवर स्कायलाईट आणि टर्बो व्हेंटिलेटर (वाऱ्यावर फिरून गरम हवा बाहेर काढणारे) येणार नाहीत हेही त्याच ड्रॉइंगवर आखून घ्या, नाहीतर तिघेही एकाच जागेवर हक्क सांगतात.

३. ग्रीनची प्रत्येक गोष्ट बीओक्यूमध्ये आयटम म्हणून आली पाहिजे

कॉन्ट्रॅक्टरला बीओक्यू कळतं. "ग्रीन रेटिंगच्या नियमांप्रमाणे काम करावे" अशी एक ओळ जनरल कंडिशनमध्ये टाकून मोकळे होतात लोक, आणि मग साईटवर प्रत्येक गोष्ट एक्स्ट्रा आयटम होते. बॅरिकेडिंगचा पत्रा, धूळ बसवायला टँकरचं पाणी, वरची माती काढून साठवणं, ट्रकची चाकं धुवायची जागा, राडारोडा वेगळा करायचा बिगारी, हे सगळं रेटसकट लिहा.

सापळा आहे मेक लिस्टमध्ये, म्हणजे चालणाऱ्या ब्रँडच्या यादीत. ठरलेल्या ब्रँडच्या पुढे "किंवा समतुल्य" असं असतं आणि तिथूनच घोळ सुरू होतो. माझ्याकडे सीलंट असाच बदलला गेला, स्टोअरला माल नव्हता, परचेसने दुसरा मागवला, किमतीत आणि मजबुतीत समतुल्यच होता, फक्त त्याचा व्हीओसी (त्यातून हवेत उडणारी रसायनं) किती ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. आता मी लिहून घेते की समतुल्य म्हणजे व्हीओसी, रिसायकल्ड कंटेंट, बीईईचे (वीज बचतीचे) स्टार यातही समतुल्य, आणि बदल करायचा तर माझी सही झाल्याशिवाय ऑर्डर जाणार नाही.

हे आरए बिलालाही (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने निघणारं बिल) जोडून टाका. ज्या आयटमचं ग्रीन डॉक्युमेंट आलं नाही त्याचे ठराविक टक्के पैसे थांबतील, हे टेंडरमध्येच असू द्या. पैसे अडकले की कागद दोन दिवसांत येतो, नुसत्या मेलवर दोन महिने येत नाही.

४. बार चार्ट: इथे सगळ्यात जास्त वेळ घाला

एमएसपीत (मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट) करा नाहीतर एक्सेलमध्ये, पण ग्रीनची कामं त्याच चार्टमध्ये, वेगळ्या शीटवर अजिबात नको.

पहिली गोष्ट पावसाळा. आपल्याकडे जूनच्या आधी खोदाई, फूटिंग आणि प्लिंथपर्यंतचा भराव झाला नाही तर काळ्या मातीत गाडी जात नाही आणि पुढचे तीन-चार महिने पंप लावून पाणी काढण्यात जातात. त्यामुळे रेनवॉटरची टाकी आणि जमिनीखालचे पाईपही त्याच एप्रिल-मेच्या खोदाईत बसवा, एकदाच पोकलेन येतो. बहुतेक ठिकाणी ही टाकी लँडस्केपसोबत शेवटी धरलेली असते, मग तयार झालेला रस्ता परत फोडतात.

दुसरी गोष्ट सिमेंट. ग्रीनसाठी फ्लाय ॲश (वीज केंद्राची राख) किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीची मळी) असलेलं सिमेंट किंवा आरएमसी (तयार काँक्रीट) घेतो आपण, आणि ते चांगलंच आहे, पण त्याची ताकद हळू वाढते. आयएस ४५६ मध्ये साध्या ओपीसी सिमेंटला (ज्यात राख किंवा स्लॅग नाही) किमान ७ दिवस क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं) आहे, मिश्र सिमेंटला किमान १० दिवस. हे जर शेड्यूलमध्ये धरलं नाही तर सेंट्रिंगवाला त्याच्या सवयीने प्लेट काढायला येतो, ७ दिवसांच्या क्यूबचा (काँक्रीटची ताकद तपासायच्या ठोकळ्याचा) आकडा जरा कमी दिसतो, बॉस घाबरतो, आणि मग कोणीतरी म्हणतं की हे ग्रीन-बिन सोडा, ओपीसी आणा. स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडून सपोर्ट किती दिवसांनी काढायचे ते त्या मिक्ससाठी लेखी घ्या आणि प्लेट-जॅकचा जादा सेट आधीच मागवून ठेवा. माझ्या दुसऱ्या साईटवर स्लॅबच्या प्रत्येक सायकलला ३ ते ४ दिवस जास्त धरले होते, एकदाही गडबड झाली नाही.

तिसरी माणसं. होळी, छठ, गावाकडची लग्नसराई, कापणी, या काळात लेबर निम्म्यावर येतं. मुकादमाला बसवून विचारा, त्याच्या माणसांची गावं कुठली, ते कधी जातात. बार चार्टवर सण आणि सुट्ट्या टाका. हे साधं वाटतं पण बहुतेक चार्टवर नसतं.

चौथी, कागदांना लागणारा वेळ. एमआयडीसीचं प्लॅन ॲप्रूव्हल, फायरची प्रोव्हिजनल एनओसी, प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कन्सेंट टू एस्टॅब्लिश, प्लिंथ झाल्यावर प्लिंथची तपासणी, शेवटी फायनल फायर, कम्प्लिशन आणि कन्सेंट टू ऑपरेट. सोलरच्या नेट मीटरिंगचा महावितरणकडचा अर्ज. बिल्ट-अप एरिया २०,००० चौरस मीटरच्या पुढे जात असेल तर पर्यावरण मंजुरी लागते का ते आर्किटेक्टला पहिल्याच दिवशी विचारा, कारण ती लागणार असेल तर सगळा चार्टच बदलतो. यातल्या प्रत्येकाला चार्टवर स्वतःचा बार आणि पुढे जबाबदार माणसाचं नाव द्या. "कन्सल्टंट" असं लिहू नका, माणसाचं नाव लिहा.

पाचवी, शेवटचे दिवस. रंगकाम संपल्यावर माणसं बसायच्या आधी ऑफिसचा भाग काही दिवस ताज्या हवेने मोकळा करायचा असतो, त्याला फ्लश आऊट म्हणतात. उद्घाटनाचा मुहूर्त ठरला की हे दिवस पहिल्यांदा कापले जातात. म्हणून मी ते दिवस चार्टवर "फर्निचर बसवण्यापूर्वीची तयारी" या नावाने टाकते आणि मालकाला आधीच समजावून ठेवते की ते का आहेत, त्याची माणसं तिथे बसणार आहेत.

हे झालं की दर सोमवारी पुढच्या तीन आठवड्यांचा लुक-अहेड काढा, एक पानाचा, साईट ऑफिसच्या भिंतीला लावा. काही अडलं, ड्रॉइंग आलं नाही, पाऊस पडला, माल उशिरा आला, तर हिंड्रन्स रजिस्टरमध्ये (अडथळ्यांच्या वहीत) त्याच दिवशी नोंद. महिन्याने आठवून लिहिलेल्या नोंदीला कोणी मानत नाही.

५. पहिला पोकलेन यायच्या आधी

प्लॉटवरची झाडं मोजून, फोटो काढून, नंबर घालून घ्या. जी ठेवायची त्यांच्याभोवती पत्रा लावा, बुंध्याला सळया टेकवून ठेवायची सवय सगळीकडे आहे. तोडायची असतील तर परवानगी हातात आल्याशिवाय कुऱ्हाड लागता कामा नये.

वरचा साधारण १५ ते २० सेंटीमीटरचा मातीचा थर वेगळा काढा, प्लॉटच्या कडेला ढीग करा, खालच्या मुरमात मिसळू देऊ नका, पावसात वाहून जाऊ नये म्हणून कडेने पोती लावा किंवा वर ताग पेरा. शेवटी लँडस्केपला हीच माती वापरायची, विकत आणायची गरज पडत नाही. झाडं लावताना करंज, बहावा, पळस, कडुनिंब असली इथली घ्या. गुलमोहर दिसायला छान पण मूळचा मादागास्करचा आहे, स्थानिक झाडांच्या यादीत तो चालत नाही, नर्सरीवाला मात्र तोच आधी दाखवतो.

राडारोड्यासाठी चार कप्पे करा: काँक्रीट, माती, विटा-प्लास्टरचा चुरा, आणि स्टील-लाकूड-प्लास्टिक. हे चार भाग २०१६ च्या केंद्राच्या नियमांतले आहेत, २०२५ मध्ये नवे नियम निघालेत, तुमच्या प्रोजेक्टला त्यातलं काय लागू ते कन्सल्टंटकडून ताजं घ्या. साईटवर मुद्दा हा की कप्पे लांब असले तर बिगारी तिथपर्यंत जात नाही, जवळच्या खड्ड्यात टाकून मोकळा होतो. मिक्सर आणि बार बेंडिंगच्या शेजारीच ठेवा. प्रत्येक गाडी बाहेर जाताना वजनकाट्याची पावती, गाडी नंबर, कुठे उतरली त्या जागेच्या मालकाची सही. भंगारवाल्यालासुद्धा पावती मागा, तो नाही म्हणतो, दुसरा शोधा.

आणि संडास. साईटवर काम करणाऱ्या बायकांसाठी वेगळा, कडी लागणारा, पाणी असलेला संडास पहिल्या दिवसापासून पाहिजे. रेटिंगमध्ये कामगारांच्या सोयींना पॉइंट आहेत ते सोडून द्या, ज्या साईटवर हा नसतो तिथे बायका दिवसभर पाणी पीत नाहीत, मे महिन्यात चक्कर येऊन पडतात, हे मी डोळ्याने बघितलंय. बीओक्यूत पहिला आयटम म्हणून घाला.

६. पाणी: गणित स्वतः करा

एक चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एवढं पाठ असलं की पुढे कोणी फसवत नाही. समजा छप्पर १,००० चौरस मीटर आहे, वर्षाचा पाऊस ७०० मिलीमीटर, पत्र्यावरून ८५ टक्के हाताला लागतो, तर वर्षाला ५ लाख ९५ हजार लिटर. कारखान्यात माणशी दिवसाला ४५ लिटर धरतात, ६० माणसांना २,७०० लिटर, म्हणजे हिशोबाने २२० दिवसांचं पाणी. पण तो सगळा पाऊस चार महिन्यांत पडतो, एवढी टाकी कोणी बांधत नाही, म्हणून टाकी केवढी आणि बाकीचं जमिनीत किती हे ठरवायचं.

इथे माझी मोठी चूक झाली होती. ड्रॉइंगमध्ये चार रिचार्ज पिट (पाणी जमिनीत मुरवायचे खड्डे) होते, आम्ही बरोबर ड्रॉइंगप्रमाणे बांधले, जाळी, खडी, वाळू सगळं. जुलैत चारही तुडुंब भरले आणि आठवडाभर तसेच उभे. खाली दोन मीटरवर अखंड काळा पाषाण होता. आपल्याकडचा बेसॉल्ट जिथे भेगाळलेला किंवा मुरमाड आहे तिथेच पाणी पितो, आणि हे एकाच प्लॉटवर पन्नास फुटांत बदलतं. आता मी पिटच्या जागी आधी साधा खड्डा घेते, पाण्याने भरते, पट्टी लावते आणि दर तासाला किती उतरलं ते लिहिते. उतरत नसेल तर जागा बदला, किंवा बोअरची माहिती काढून भूजलवाल्या माणसाला दाखवा, नाहीतर पिटचा नाद सोडून टाकी मोठी करा. कन्सल्टंटला वाईट वाटलं तरी चालेल.

पन्हळ आणि खाली येणारे पाईप मोठ्या सरीसाठी बघा. तासाला ५० मिलीमीटरची सर आली तर त्याच छपरावरून तासात ४२,५०० लिटर खाली येतं. पाईप बारीक असले तर पन्हळ भरून पाणी शेडच्या आत उतरतं, मशीनवर. आणि पहिल्या पावसाचं घाण पाणी बाजूला काढायचा व्हॉल्व्ह हाताला येईल अशा उंचीवर द्या, बारा फुटांवर असलेला व्हॉल्व्ह कोणी उघडायला जात नाही.

ऑफिसच्या फ्लशला आणि बागेला प्रक्रिया केलेलं पाणी वापरणार असाल तर दोन वेगळ्या पाईपलाईन लागतात. त्यांचे रंग वेगळे ठेवा आणि प्लास्टरच्या आधी दोन्ही लाईन वेगवेगळ्या रंगाचं पाणी सोडून तपासा. प्लंबर कुठेतरी एक जोड चुकवतो.

७. भिंती आणि माल

एएसी ब्लॉक (आत हवेची छिद्रं असलेले काँक्रीटचे ब्लॉक) हलके, डेड लोड (इमारतीचं स्वतःचं वजन) कमी, उष्णता कमी आत येते. पण आपला गवंडी विटेच्या सवयीने ब्लॉक टाकीत बुडवून ठेवतो आणि सहा महिन्यांनी प्लास्टरला भेगा पडतात, मग सगळे म्हणतात एएसी वाईट. ब्लॉक नुसता पृष्ठभागावर ओलसर करायचा, ब्लॉकचाच जॉइंट मॉर्टर वापरायचा, कॉलम-बीमला जिथे भिंत टेकते तिथे जाळी मारायची. पहिल्या दिवशी एक नमुना भिंत करून घ्या, सगळ्या गवंड्यांना तिथे उभं करून दाखवा.

वाळूऐवजी क्रश सँड, क्वारीचं नाव आणि अंतर चलनावर. स्थानिक माल म्हणजे किती किलोमीटरच्या आतला ते तुमच्या रेटिंगच्या मॅन्युअलमधून बघा, आणि अंतर कारखान्यापासून मोजायचं असतं, डीलरच्या दुकानापासून नाही, ही चूक फार होते.

८. फाईल: रोज संध्याकाळी वीस मिनिटं

दुसऱ्या साईटवर मी स्टोअरकीपरला चहा पाजून एक पद्धत लावली. माल उतरला की चलन, बिल, टेस्ट सर्टिफिकेट आणि कंपनीचं लेटर, या चार गोष्टींचे मोबाईलवर फोटो, त्याच दिवशी क्रेडिटच्या (ज्या मुद्द्याला रेटिंगचे पॉइंट आहेत त्याच्या) नावाच्या फोल्डरमध्ये. फोटोला तारीख आणि जागा उमटवणारं ॲप वापरा, साध्या फोटोवर रिव्ह्यूला प्रश्न येतात. व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवलेला फोटो म्हणजे जपून ठेवलेला फोटो नव्हे, फोन बदलला की गेला. गृहाच्या प्रोजेक्टला तर काम चालू असतानाच त्यांची माणसं साईट बघायला येतात, तेव्हा फाईल तयार असली की त्यांचाही वेळ वाचतो.

हातात असायलाच हवेत असे कागद:

- टार्गेट रेटिंगचे मिनिट्स, रजिस्ट्रेशन आणि क्रेडिटनिहाय एक्सेल
- सगळी ॲप्रूव्हल आणि एनओसी, मुदतीच्या तारखांसह
- जीएफसी (बांधकामासाठी मंजूर) ड्रॉइंगचं रजिस्टर, कुठली रिव्हिजन चालू आहे त्यासह
- सिमेंट, आरएमसी, स्टील, ब्लॉक, काच, इन्सुलेशन यांची बिलं आणि कंपनीची लेटरं
- रंग, सीलंट, ॲडहेसिव्हचे व्हीओसीचे कागद
- राडारोड्याच्या वजनाच्या पावत्या, महिन्याची बेरीज
- साईटवर वापरलेलं पाणी आणि वीज, रोजची मीटर रीडिंग
- क्यूब टेस्टचे रिपोर्ट, ७ आणि २८ दिवसांचे
- काम सुरू होण्यापूर्वीचे, दर महिन्याचे आणि काम झाकलं जायच्या आधीचे फोटो

शेवटचा मुद्दा परत सांगते. इन्सुलेशन, जमिनीखालचे पाईप, टाकीचं वॉटरप्रूफिंग, हे एकदा झाकलं की पुरावा संपला.

साधनं फार लागत नाहीत. एमएसपी किंवा एक्सेल, तारीख टाकणारं कॅमेरा ॲप, सामायिक ड्राईव्ह, उजेड मोजायला एक लक्स मीटर, पत्र्याचं तापमान बघायला इन्फ्रारेड थर्मामीटर, साईटच्या पाण्याला आणि विजेला वेगळे मीटर. मीटर पहिल्या दिवशी लावा, मधे लावले तर आधीचे महिने कोरे राहतात.

९. टेस्टिंग आणि हँडओव्हर

घाई इथे सगळ्यात जास्त असते, उद्घाटनाचं कार्ड छापलेलं असतं. तरी एसी, पंप, एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा), लाईटचे सेन्सर, सोलर, प्रत्येकाची टेस्टिंग वेंडरसमोर, आकडे लिहून, दोघांच्या सह्या घेऊन करा. सोलर एका किलोवॅटला दिवसाला सरासरी ४ युनिटच्या आसपास द्यायला हवं, पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. महिनाभराचा आकडा याच्या फार खाली असेल तर सावली किंवा जोडणी बघा. लाईटच्या सेन्सरची वेळ वेंडर टेस्टिंगसाठी दोन मिनिटांवर ठेवतो आणि तशीच सोडून जातो, मग बाथरूममध्ये बसलेल्या माणसावर अंधार पडतो आणि आठवड्यात मेंटेनन्सवाला तो सेन्सर कायमचा बायपास करून टाकतो.

म्हणून मेंटेनन्सच्या माणसाला हँडओव्हरच्या दोन महिने आधीपासून साईटवर मागा. त्याला व्हॉल्व्ह कुठे, फिल्टर कधी धुवायचा, कुठला पाईप कशाचा, हे बांधताना बघू द्या. माहितीपुस्तिका मराठीत किंवा हिंदीत, फोटोंसह, पंधरा पानांची, तीनशे पानांची इंग्रजी फाईल कपाटातच राहते. आमच्याकडच्या इलेक्ट्रिशियन काकांनी स्वतःच्या अक्षरात पंप रूमच्या भिंतीवर सगळे व्हॉल्व्ह लिहून काढले होते, ते आजही तिथे आहे.

ॲज-बिल्ट (प्रत्यक्षात बांधलं तसं दाखवणारं) ड्रॉइंग घेतल्याशिवाय फायनल बिल सोडू नका. फाईल सबमिट केल्यावर रिव्ह्यूचे प्रश्न येतात, येणारच, त्यांना उत्तर द्यायची मुदत ठरलेली असते आणि तोपर्यंत टीम दुसऱ्या साईटवर गेलेली असते, म्हणून कोण उत्तरं देणार ते आधी ठरवून ठेवा. आणि डिफेक्ट लायबिलिटीच्या (दोष निघाले तर कॉन्ट्रॅक्टरने दुरुस्त करून द्यायच्या) काळातला पहिला पाऊस कॅलेंडरवर टाका. त्या दिवशी छत्री घेऊन साईटवर जा, पन्हळ, पाईप, टाकी, पिट, सगळं पाणी वाहत असताना बघा, मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि त्याच संध्याकाळी कॉन्ट्रॅक्टरला पाठवा.